झाकलेल्या चेहऱ्याचा भाव : एका नग्नरेखाटनाचे वाचन आणि मर्ढेकरांचा सौंदर्यविचार

व्हिन्सेंट व्हॅन गॉगने एप्रिल १८८२ मध्ये हेग येथे काळ्या खडूने एक नग्नरेखाटन केले. ४४.५ सेंटिमीटर उंच आणि २७ सेंटिमीटर रुंद असा तो कागद आज इंग्लंडमधील वॉल्सॉल येथील न्यू आर्ट गॅलरीत आहे. एक स्त्री गुडघे जवळ घेऊन बसलेली आहे. गुडघ्यांवर हात आणि हातांत डोके खुपसलेले, त्यामुळे चेहरा दिसत नाही. मोकळे केस पाठीवर आले आहेत, स्तन ओघळलेले आहेत, पोट गरोदर बाईचे आहे. पायांशी थोडी रोपटी-फुले आहेत. कागदाच्या तळाशी चित्रकाराने इंग्रजीत शीर्षक लिहिले आहे : ‘सॉरो’. त्याखाली फ्रेंच इतिहासकार मिशले याच्या स्त्रीविषयक ग्रंथातील एक वाक्य आहे. या पृथ्वीवर एखादी स्त्री एकटी आणि टाकलेली असावी हे कसे घडते, अशा आशयाचा प्रश्न त्यात विचारलेला आहे.

या चित्रात दुःख आहे, याविषयी कोणाचेही दुमत होण्याचे कारण नाही. तसे तेथे लिहिलेलेच आहे. परंतु चित्रात दुःख ‘आहे’ या विधानाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न त्या लिहिलेल्या शब्दाने सुटत नाही. ते दुःख बसलेल्या स्त्रीचे, चित्रकाराचे, पाहणाऱ्याचे की रेषेचे? आधुनिक कलेच्या उंबरठ्यावरील एका रेखाटनाविषयीचा हा प्रश्न मराठी समीक्षेला परका नाही. सुमारे पाऊण शतकापूर्वी तिने हाच वाद साहित्याच्या निमित्ताने घातला होता, आणि त्यातील दोन प्रमुख भूमिका ज्यांच्या नावाशी जोडल्या जातात, त्यांपैकी एकाचा जन्म सांगलीचा, तर दुसऱ्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील मर्ढे.

वि. स. खांडेकरांचा जन्म १८९८ साली सांगलीत झाला. कला ही जीवनासाठी असते, या त्यांच्या भूमिकेत भावनेचे स्थान स्पष्ट आहे : भावना ही प्रथम माणसाची, त्याच्या परिस्थितीची, कलावंत ती वाचकापर्यंत पोचवतो आणि वाचकाची सहानुभूती विस्तारतो. या दृष्टीने पाहिले तर ‘सॉरो’चा अर्थ त्यातील स्त्रीच्या जीवनात शोधावा लागेल. तशी सामग्रीही विपुल आहे. ही स्त्री म्हणजे क्लासिना मारिया होर्निक, जिला व्हिन्सेंटच्या चरित्रात सीन म्हणून ओळखतात. १८८२ च्या जानेवारीत त्याची तिची गाठ पडली तेव्हा ती गरोदर होती, तिला एक मुलगी होती, आणि पोटासाठी तिला देहविक्रय करावा लागत होता. त्याने तिला मॉडेल म्हणून ठेवले, पुढे घरात आणले. जुलै १८८२ मध्ये लायडन येथे तिला मुलगा झाला. अर्व्हिंग स्टोनच्या ‘लस्ट फॉर लाइफ’ या १९३४ च्या कादंबरीने हे चरित्र जगभर इतके परिचित केले, की पुष्कळांच्या बाबतीत चित्राच्या आधी कथाच पोचलेली असते.

बा. सी. मर्ढेकरांची भूमिका या वाचनाच्या नेमकी विरुद्ध टोकाची. ‘आर्ट्स अँड मॅन’ (१९३७) पासून ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) पर्यंत त्यांनी जो विचार मांडला, त्यात चित्रकलेचे माध्यम रंग आणि रेषा यांची संवेदना हे होय. या संवेदनांची संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनुसार होणारी संघटना म्हणजे सौंदर्य. त्या संघटनेच्या प्रत्ययातून जी भावना जागी होते ती सौंदर्यभावना, आणि ती लौकिक सुखदुःखाहून वेगळी आहे. या निकषावर सीनची कहाणी चित्राबाहेरची ठरते. गरोदरपण, दारिद्र्य, टाकले जाणे, यांपैकी काहीही रेषा नव्हे. पाहायचे ते पाठीचा कमानदार वळसा, त्याला छेदणारी हातांची आडवी दिशा, केसांच्या काळ्या भाराला तोलणारा मांडीचा कोरा पांढरा भाग.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) या दोन टोकांना लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशी नावे दिली आणि सौंदर्यविचार या दोन ध्रुवांमध्येच वावरत असतो असे दाखवून दिले. प्रश्न असा, की हे रेखाटन कोणत्या ध्रुवाकडे बोट दाखवते? याचे उत्तर सिद्धान्ताकडून मागण्याआधी चित्राकडेच मागणे इष्ट.

महाराष्ट्रात नग्नाकृतीच्या बाबतीत हे उत्तर मागण्याची सवय फारशी रुजली नाही, याला कारणे आहेत. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत, १९१९ च्या सुमारास, नग्न मॉडेलवरून रेखाटन करण्याचे वर्ग सुरू झाले. त्यामुळे नग्नरेखाटन येथे आले ते अभ्यासचित्र म्हणून. स्नायू, प्रमाण, छायाप्रकाश यांचा तो अभ्यास. मॉडेलला काय वाटते हा प्रश्न त्यात अप्रस्तुत. दुसरीकडून नग्नता समाजापुढे आली ती फौजदारी प्रकरण म्हणून. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला. १९५४ मध्ये जहांगीर कलादालनातील अकबर पदमसी यांच्या ‘लव्हर्स’ या चित्रांवरून त्यांना अटक झाली. दोघेही निर्दोष ठरले. परंतु अशा खटल्यांत विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : या कृतीने पाहणाऱ्याच्या ठिकाणी काय चाळवले जाते? बचावही बहुधा असा, की ही निखळ कलाकृती आहे, आशयाकडे पाहू नका. आरोप आणि बचाव या दोहोंच्या मधून रेखाटलेल्या देहाचा भाव निसटून जातो. वर्गात तो शरीरशास्त्रात विरतो, न्यायालयात कलमात.

तिसरी एक सवय औंधच्या संग्रहालयात सहज दिसते. सातारा जिल्ह्यातील औंध हे संस्थान छोटे. त्याचा आटपाडी-कुंडलचा मुलूख आज सांगली जिल्ह्यात मोडतो. त्याचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय उभे केले. तेथे राजा रविवर्मा यांची चित्रे आहेत आणि त्याच वास्तूत हेन्री मूर यांचे ‘माता आणि मूल’ हे दगडी शिल्पही आहे. रविवर्म्यांच्या पौराणिक नायिका पाहताना भाव ओळखायला अडचण येत नाही. कथा ठाऊक असते, चेहरा व हात अभिनय करतात, आणि प्रेक्षक नाटकातल्याप्रमाणे अनुभावावरून भावाकडे जातो. मूरच्या दगडापुढे ही रीत थांबते. तेथे नाव नसलेली आई आहे, नाव नसलेले मूल आहे, कथा नाही. जे काही आहे ते एका घनाकाराने दुसऱ्याला धरून ठेवण्यात आहे. औंधला येणारा प्रेक्षक काही पावलांच्या अंतरात भाव वाचण्याच्या दोन पद्धती ओलांडतो. ‘सॉरो’ या दोन पद्धतींच्या मधल्या पावलावर उभे आहे.

येथे रसशास्त्राची एक मोजपट्टी लावून पाहता येते. भरताने सात्त्विक भाव आठ सांगितले : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. या रेखाटनात अश्रू दिसत नाहीत, कारण डोळेच दिसत नाहीत. काळ्या खडूच्या चित्रात वैवर्ण्य संभवत नाही. स्वेद-रोमांच टिपण्याइतके बारीक काम चित्रकाराने केलेले नाही. स्वरभेद आणि कंप चित्राच्या आवाक्याबाहेरचे. मूर्च्छा म्हणावी तर देह स्वतःला सावरून बसलेला आहे. उरतो तो स्तंभ. पण चित्र नेहमीच स्थिर असते. धावता घोडाही चित्रात थांबलेलाच असतो. मग येथील स्थिरता ही माध्यमाची मर्यादा नसून भाव आहे, हे कशावरून कळते?

ते कळते रेषेच्या बंदिस्तपणावरून. मानेपासून निघालेली रेषा पाठीवरून उतरते, नितंबाशी वळते, मांडीखालून पायाकडे जाते, नडगीवरून चढून गुडघ्याशी येते आणि हातांपाशी पुन्हा डोक्याला मिळते. बाहेर जाणारा एकही अवयव नाही. अकादमिक नग्नचित्रात हात मागे टाकलेले, मान वळलेली, देह प्रेक्षकाकडे उघडलेला असतो. येथे देहाने स्वतःभोवती कडी घातली आहे. भावाला थियोला लिहिताना व्हिन्सेंटने मिलेच्या मेंढपाळणीच्या मोठ्या काष्ठमुद्रेची आठवण काढली होती, आणि एकाच रेषेने किती साधता येते याचे नवल व्यक्त केले होते. पुढे १९०८ मध्ये मातीसने आपल्या एका निबंधात असे प्रतिपादन केले, की चित्राची अभिव्यक्ती चेहऱ्यावर उमटलेल्या विकारात नसते, चित्राच्या सगळ्या मांडणीत असते. व्हिन्सेंटने ते विधान जणू सव्वीस वर्षे आधीच करून दाखवले. त्याने चेहरा काढून घेतला आणि भाव तसाच ठेवला. या रेखाटनाला आधुनिक म्हणायचे ते या अर्थाने.

इथवर मर्ढेकरांची सरशी होते आहे असे वाटेल. या वाटण्याला व्हिन्सेंटच्याच एका कृतीचे पाठबळ आहे. त्याच वसंतात त्याने वाळूत रुतलेल्या झाडाच्या मुळ्यांचे एक रेखाटन केले. ते आज नेदरलँड्समधील क्रॉलर-म्युलर संग्रहालयात आहे. मे १८८२ च्या आरंभीच्या पत्रात तो या दोन चित्रांविषयी एकत्र लिहितो. आकृतीत जी भावना घातली तीच निसर्गदृश्यात घालण्याचा आपण प्रयत्न केला, असे तो सांगतो : त्या मुळ्या जमिनीला आवेगाने धरून आहेत आणि तरीही वादळाने अर्ध्या उपटल्या गेल्या आहेत. त्या फिकट, कृश स्त्रीदेहात आणि त्या काळ्या, पिळवटलेल्या मुळ्यांत त्याला जगण्याच्या झगड्याचे काहीतरी व्यक्त करायचे होते.

ही जोडी मर्ढेकरांच्या वाचकाला ओळखीची वाटेल. वरवर काहीही साम्य नसलेल्या दोन वस्तूंना भावनेच्या पातळीवर एकमेकींच्या जागी ठेवता येते, या काव्यगत व्यापाराला त्यांनी ‘भावनानिष्ठ समतानता’ असे नाव दिले होते. बाई आणि मुळ्या यांत तार्किक साम्य नाही. समतानता मात्र आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की मर्ढेकरांनी ही संकल्पना चित्रासाठी योजलेली नाही. साहित्याचे माध्यम त्यांच्या मते भावनात्मक अर्थ हे असल्याने समतानता तेथे शोभून दिसते. चित्राला त्यांनी रंगरेषांच्या संवेदनेपुरते मर्यादित केले. पण व्हिन्सेंटने चित्रातच समतानता साधली आहे. म्हणजे रेषेलाही भावनात्मक अर्थ असतो, आणि मर्ढेकरांनी काव्यासाठी राखून ठेवलेले तत्त्व त्यांच्या चित्रविचाराचीच उणीव भरून काढते. त्यांच्या चित्रमीमांसेपेक्षा त्यांची काव्यमीमांसा या चित्राला अधिक न्याय देते, असे म्हणावे लागते.

परंतु समतानता म्हणजे एकरूपता नव्हे, आणि चिकित्सेची खरी जागा येथेच आहे. मुळ्यांनी काय घेतले नाही? मुळ्या झगडतात, धरून ठेवतात. ही स्त्री काहीच धरून नाही; ती फक्त मिटलेली आहे. मुळ्यांना लपवायला चेहरा नसतो. चेहरा असूनही तो न दाखवणे ही क्रिया ज्याला चेहरा आहे त्यालाच करता येते, म्हणून या चित्रातील सर्वांत मोठी भावखूण, चेहऱ्याचा अभाव, निसर्गदृश्यात नेता येत नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. वर ज्या बंद रेषेचे वर्णन केले ती रेषा एका देहाभोवती फिरत नाही. तिच्या आत दोन जीव आहेत. औंधच्या शिल्पाचा विषय आई आणि मूल असा उघड दोन आकारांचा आहे. व्हिन्सेंटच्या कागदावरही आई आणि मूलच आहेत, पण दुसरा देह पहिल्याच्या रेषेत सामावलेला आहे. आपल्यात मिटून गेलेल्या त्या आकृतीला एकटे म्हणावे की नाही, असा पेच तेथे पडतो. हा पेच रचनेचा आहे, त्याने रेषेचा अर्थ बदलतो. तरीही तो ज्याला गर्भारपण म्हणजे काय हे ठाऊक आहे त्यालाच पडू शकतो. गर्भाचे ज्ञान लौकिक आहे म्हणून ते चित्राबाहेर ठेवायचे ठरवले, तर त्याबरोबर चित्राच्या घाटातील एक मूलभूत ताणही बाहेर जातो. शुद्ध रेषेचा आग्रह येथे रेषेलाच अपुरी पाहतो.

मग खांडेकरांकडे परतावे काय? तेही सरळ नाही. सहानुभूतीचे वाचन असे धरून चालते, की जे दुःख दिसते ते सीनचे आहे. प्रत्यक्षात ती बसलेली नव्हती, तिला बसवलेले होते. ती मॉडेल होती. डोके कुठे टेकायचे, हात कसे घ्यायचे हे ठरवून ती त्या स्थितीत राहिली. तिचे स्वतःचे शब्द कोठे नोंदलेले नाहीत. जे कळते ते व्हिन्सेंटच्या पत्रांतून. चित्रातील भावाला तिचे आत्मकथन समजणे म्हणजे तिने न बोललेले तिच्या तोंडी घालणे. तिने दिला तो आपला देह : थकलेला, सहाव्या-सातव्या महिन्यातला, पुष्कळ सोसलेला. त्या देहाचे खरेपण ठरवून घेतलेल्या बैठकीतही लोपत नाही. पण भाव ही त्या देहाची आणि चित्रकाराच्या रेषेची मिळून झालेली निर्मिती आहे, आणि त्यातला वाटा वेगळा काढता येत नाही.

आता तळाच्या शब्दांकडे वळता येईल. ते झाकून चित्र पाहिले तर जो भाव जाणवतो त्याला मराठीत ‘शोक’ म्हणता येणार नाही. शोकाला निमित्त लागते, कोणी तरी गेलेले असावे लागते. ‘दुःख’ हा शब्द फार व्यापक. जवळचा शब्द ‘विषाद’ : अर्जुनाने धनुष्य टाकून रथात बसून घेतले तो भाव. करण्यासारखे काही उरलेले नाही अशा क्षणी देहाने घेतलेली बैठक. विषादाला प्रेक्षक लागत नाही, तो कोणाकडेही काही मागत नाही. शब्द वाचताच स्थिती पालटते. मिशलेचे वाक्य त्या भावाला आलंबन पुरवते : ही स्त्री, टाकलेली, एकाकी. आणि ते प्रश्नरूप असल्यामुळे जगाला जाब विचारते. रेखाटनातला विषाद शब्दांनी करुणात नेला जातो. व्हिन्सेंटला ही दोन्ही हवी होती हे उघड आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने हा विषय शिळाछापातही घेतला, म्हणजे तो पुष्कळांपर्यंत पोचावा अशी त्याची इच्छा असावी.

मात्र शब्द आणि रेषा येथे पूर्णपणे एका बाजूला नाहीत. शब्द म्हणतात की ती एकटी आहे. रेखाटन, केवळ अस्तित्वात असल्यामुळे, सांगते की तिच्यासमोर कोणीतरी बसून तिला बारकाईने पाहत होते. करुणेचा हा पेच चरित्रानेही पुढे गडद केला : १८८३ च्या सप्टेंबरात व्हिन्सेंट सीनला आणि मुलांना सोडून ड्रेंथ प्रांतात निघून गेला. या पुढच्या घटनेवरून मागच्या चित्राला खोटे ठरवणे हा समीक्षेचा मार्ग नव्हे. पण चित्राच्या तळाशी विचारलेला प्रश्न चित्रकाराला वगळून विचारलेला नाही, एवढे त्यावरून ध्यानात येते. पाहणाराही त्यातून सुटत नाही. त्या स्त्रीने चेहरा झाकला आहे तो ज्यांच्यापासून, त्यांत प्रेक्षक आहेच.

नग्नाकृतीतील भावाच्या अर्थनिर्णयाला यातून एक क्रम सुचतो. प्रथम रेषा पाहावी, कारण झाकलेल्या चेहऱ्याचा भाव तिनेच धारण केलेला असतो. ही मर्ढेकरांची मागणी रास्त आहे. मग ती रेषा कशाची आहे हे विचारावे, कारण एका रेषेत दोन जीव आहेत हे कळल्यावाचून रेषाही पुरती दिसत नाही. ही खांडेकरांच्या बाजूची मागणी तेवढीच रास्त आहे. शब्द शेवटी वाचावेत, आणि ते चित्राशी कोठे जुळतात व कोठे झगडतात ते तपासावे. हा क्रम उलटा केला, आधी शीर्षक, मग चरित्र, मग चित्र, तर पाहणाऱ्याच्या हाती दया लागते, आणि दयेला पाहण्याची फारशी गरज उरत नाही. पहिल्या पायरीवरच थांबले तर रचनेचा आनंद मिळतो, पण समोर कोणी बसले होते याचा विसर पडतो.

मुंबईतील त्या खटल्यांत आरोपी सुटले, पण नग्न देहाला काय म्हणायचे आहे हा प्रश्न तसाच राहिला. ‘निखळ कला’ या बचावाने कलावंताला तुरुंगापासून वाचवले असेल. देहाच्या अर्थाला त्याने कोपऱ्यातच ठेवले. तो बचाव आता मराठी समीक्षेला आवश्यक नाही. मर्ढेकरांची समतानता त्यांच्याच चित्रविचाराला जोडून घेतली, आणि देहाचे लौकिक ज्ञान हा घाटाचाच भाग आहे हे मान्य केले, तर नग्नरेखाटनातील भावाविषयी बोलताना संकोचाचेही कारण राहत नाही आणि कळवळ्याचेही. मग जे. जे. च्या वर्गांतून गेल्या शंभर वर्षांत झालेल्या अभ्यासचित्रांकडेही पुन्हा पाहता येईल, आणि ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत त्या मॉडेलांनी रेषेला काय दिले, हे विचारता येईल.